ब्राउझर कोणाचा मुखत्यार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक छोटीशी बातमी येऊन गेली. गूगल कंपनीने आपल्या क्रोम ब्राउझरसाठी सहा वर्षे खपून जी नवी जाहिरात-साधने तयार केली होती, त्यांतील बहुतेक गुंडाळण्याचे तिने ठरवले. या योजनेचे नाव होते 'प्रायव्हसी सँडबॉक्स'. वाचकाच्या मागावर न राहता त्याला त्याच्या आवडीची जाहिरात कशी दाखवता येईल, या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेतून मिळायचे होते. ते मिळाले नाही. 'कुकी' नावाची जी जुनी युक्ती यामुळे निवृत्त व्हायची होती, ती होती तेथेच राहिली.

बातमी चार ओळींची असली तरी ती विद्यार्थ्यांना समजावून सांगणे सोपे नाही. कुकी म्हणजे काय? ती ब्राउझरमध्ये कशासाठी आली? तिचा जाहिरातीशी काय संबंध? आणि ब्राउझर बनवणारी कंपनी जाहिरातींच्या व्यवहारात कशी आली? या प्रश्नांची उत्तरे गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात आहेत. तो आपण क्रमाने पाहू.

त्याआधी एक शब्द लक्षात ठेवू. वेबच्या तांत्रिक नियमपुस्तकांत ब्राउझरला 'यूजर एजंट' असे म्हटलेले असते. मराठीत सांगायचे तर वापरणाऱ्याचा मुखत्यार. मुखत्याराने आपल्या वतीने व्यवहार करावा, आपले हित पाहावे आणि आपल्याला न विचारता कोणाला काही देऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. ब्राउझरने ही अपेक्षा कितपत पुरी केली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

विसरभोळा वेब

वेबचा जन्म जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या कणभौतिकी संशोधन संस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ च्या मार्चमध्ये त्याचा पहिला प्रस्ताव लिहिला. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या संगणकांवर ठेवलेली टिपणे एकमेकांना वाचता यावीत, एवढाच त्यामागचा विचार होता. ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने वेबची मूळ आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली.

या वेबचा संभाषणाचा संकेत अगदी साधा होता. तुमच्या ब्राउझरने दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, विचारायचे, 'अमुक पान द्या'. सर्व्हरने पान द्यायचे आणि संभाषण संपवायचे. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरे पान मागितलेत, तर तुम्ही तेच की दुसरे कोणी, हे सर्व्हरला ठाऊक नसे. पोस्टाच्या खिडकीमागे असा कारकून बसला आहे, ज्याला प्रत्येक ग्राहक पहिल्यांदाच आल्यासारखा वाटतो, असे समजा.

हा दोष नव्हता, उलट सोय होती. कोणाचेच काही लक्षात ठेवायचे नसल्यामुळे एक लहानसा संगणकही पुष्कळ लोकांना पाने पुरवू शकत असे. शिवाय शोधनिबंध वाचणाऱ्याला आपली ओळख सांगण्याची गरजही नव्हती. ग्रंथालयात जाऊन पुस्तक चाळून यावे, तसा हा व्यवहार होता.

१९९४ : बिल्ल्याची युक्ती

अडचण आली ती वेबवर दुकान मांडायची वेळ आल्यावर. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रिसन आणि एरिक बीना यांनी 'मोझेक' हा चित्रे दाखवणारा ब्राउझर लिहिला आणि वेब सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पुढच्याच वर्षी अँड्रिसन आणि जिम क्लार्क यांनी नेटस्केप कंपनी काढली. तेथे लू माँटुली नावाचा तेविशीतला प्रोग्रॅमर काम करत होता. 'एमसीआय' या दूरध्वनी कंपनीला वेबवर दुकान उघडायचे होते. ग्राहकाने एका पानावर एक वस्तू निवडली, दुसऱ्या पानावर दुसरी निवडली, आणि शेवटी पैसे द्यायला आला, तर सर्व्हरला पहिल्या दोन्ही गोष्टींचा विसर पडलेला! पिशवी टिकणार कशी?

एक उपाय सरळ होता. प्रत्येक ब्राउझरला कारखान्यातच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक सर्व्हरला दाखवायचा. हा विचार माँटुली यांनी बाजूला सारला. कारण मग एकाच क्रमांकावरून सगळ्या जगाला आपला माग लागला असता. त्याऐवजी त्यांनी जून १९९४ मध्ये दुसरी युक्ती काढली. सर्व्हरने पानाबरोबर एक छोटी चिठ्ठी पाठवायची. ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुन्हा त्याच सर्व्हरकडे जाताना परत दाखवायची. दुसऱ्या कोणाला ती दाखवायची नाही. युनिक्सवर काम करणाऱ्यांच्या बोलीत अशा देवाणघेवाणीच्या खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून या चिठ्ठीचे नाव पडले कुकी.

देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडवर मिळणारा बिल्ला आपल्या ओळखीचा आहे. त्यावर फक्त ४७ असा आकडा असतो. तुमचे नाव-गाव त्यावर नसते. दुसऱ्या देवळाच्या स्टँडवर तो चालत नाही. पण त्या एका स्टँडवर तो दाखवला की तुमच्याच चपला तुमच्या हाती येतात. कुकी नेमकी अशी होती. आठवण ठेवण्याचे काम झाले आणि ती आठवण एका दुकानापुरती राहिली. रचना म्हणून ही युक्ती सुबक होती, यात शंका नाही.

चित्राच्या वाटेने

मग माग काढणे सुरू झाले कसे? त्याचे उत्तर वेबच्या पानाच्या घडणीत आहे.

आपल्याला पान एकसंध दिसते, पण ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून जुळवलेले असू शकते. मजकूर एका सर्व्हरवरून, चित्र दुसऱ्या, असे चालते. शोधनिबंधात दुसऱ्या प्रयोगशाळेतील आलेख जसाच्या तसा दाखवायचा तर ही सोय उत्तमच. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या वेबवरील मासिकाने आपल्या पानांच्या माथ्यावर आडव्या पट्ट्यांच्या जाहिराती छापल्या. त्यांत 'एटी अँड टी' या कंपनीची पट्टी पुढे विशेष गाजली. पट्टी म्हणजे तरी काय, एक चित्रच.

अशा पट्ट्या अनेक मासिकांना आणि वृत्तपत्रांना एकाच ठिकाणाहून पुरवण्याचा धंदा लवकरच उभा राहिला. १९९६ साली निघालेली 'डबलक्लिक' ही न्यूयॉर्कची कंपनी त्यात अग्रेसर होती. तुम्ही क्रिकेटचे पान उघडले की पट्टीचे चित्र डबलक्लिकच्या सर्व्हरवरून येई आणि त्या चित्राबरोबर डबलक्लिकची कुकीही तुमच्या संगणकावर येऊन बसे. नंतर तुम्ही आरोग्याचे पान उघडले, तिथेही डबलक्लिकचीच पट्टी. ब्राउझर नियमाला धरून वागे. ज्याची चिठ्ठी त्यालाच दाखवे. पण चिठ्ठी घेणारा दोन्ही ठिकाणी एकच असे!

चप्पल-स्टँडच्या भाषेत बोलायचे तर शहरातल्या सगळ्या देवळांच्या स्टँडचे कंत्राट एकाच माणसाने घेतले आणि सगळीकडे एकच बिल्ला चालवला. आता ४७ क्रमांकाचा माणूस सोमवारी कोणत्या देवळात जातो, मंगळवारी कोणत्या, हे त्याच्या वहीत आपोआप उतरू लागले. बिल्ल्यावर नाव अजूनही नाही. पण वही जाड होत जाते, तसे नाव शोधून काढणे अवघड राहत नाही.

या बिल्ल्याला 'त्रयस्थाची कुकी' म्हणतात. तुम्ही आणि तुम्ही उघडलेले संकेतस्थळ यांच्यातल्या व्यवहारात तो तिसराच असतो. माँटुली यांनी कायमचा क्रमांक टाळला होता. तो असा मागच्या दाराने आत आला.

नियम झाला, पाळला गेला नाही

१२ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये कुकीवर लेख आला आणि आपल्या संगणकावर अशा चिठ्ठ्या साठत आहेत, हे अनेकांना प्रथमच समजले. इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळात चर्चा सुरूच होती. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांनी लिहिलेले पहिले अधिकृत प्रमाणक फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्पष्ट म्हटले होते की त्रयस्थाच्या कुकी ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत. वापरणाऱ्याला हव्या असतील तर त्याने तसे सांगावे.

जाहिरातपुरवठादारांनी याला विरोध केला. त्या वेळचे दोन मोठे ब्राउझर, नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, यांपैकी कोणीही हे कलम अमलात आणले नाही. दोन्हीकडे कुकी न विचारता स्वीकारली जात राहिली. नको असेल तर ती बंद करायची सोय होती, पण ती शोधून काढायला हवी.

हा मुद्दा विज्ञानाच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. तंत्रज्ञानाने दोन्ही मार्ग मोकळे ठेवले होते. फरक होता तो फक्त यंत्र कारखान्यातून निघताना खटका कोणत्या बाजूला असावा एवढाच. बहुतेक माणसे तो खटका कधीच हलवत नाहीत. त्यामुळे जो खटका बसवतो, तोच कोट्यवधी लोकांच्या वतीने निर्णय घेतो.

धोका काल्पनिक नव्हता. १९९९ साली डबलक्लिकने 'अबॅकस डायरेक्ट' ही कंपनी विकत घेण्याचे ठरवले. तिच्याकडे टपालाने खरेदी करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदीच्या नोंदी होत्या. म्हणजे बिनानावाची वही आणि नावांची वही एकत्र बांधण्याचा बेत होता. त्यावर मोठा गदारोळ झाला, सरकारी चौकशी लागली, आणि मार्च २००० मध्ये कंपनीला हा बेत सोडावा लागला.

शोधयंत्र आणि लिलाव

आता या कथेत गूगल येते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी. १९९८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आपल्या शोधयंत्राची माहिती देणारा निबंध सादर केला. त्याच्या परिशिष्टात जाहिरातींवर एक टिपण आहे. जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र शोधणाऱ्यापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणार, हे त्यांनी त्यात स्वच्छ लिहिले. यासाठी विद्यापीठीय वातावरणात एखादे खुले शोधयंत्र असावे, असेही सुचवले.

पण यंत्रे आणि वीज फुकट मिळत नाहीत. वाचकाने पैसे द्यायचे नसतील तर ते दुसऱ्या कोणी द्यायला हवेत. हा तिढा वेबपेक्षा जुना आहे. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे यांनी 'द सन' हे वृत्तपत्र एका सेंटला विकायला काढले, तेव्हा इतरांची किंमत सहा सेंट असे. उरलेला भार जाहिरातींवर टाकला होता. गूगलही त्याच वाटेने गेले. ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांनिशी 'ॲडवर्ड्स' सुरू झाले.

शोधाच्या शब्दासाठी लिलाव पुकारण्याची कल्पना बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' कंपनीने १९९८ साली आणली होती. जाहिरातदाराने बोली लावायची आणि वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले तरच पैसे द्यायचे. गूगलने २००२ च्या फेब्रुवारीत या लिलावात दोन सुधारणा केल्या. त्या गणिताच्या तासाला सांगण्यासारख्या आहेत.

पहिली सुधारणा अशी की नुसती बोली पाहायची नाही, जाहिरात लोकांना किती उपयोगी वाटते हेही पाहायचे. समजा, 'सायकल' या शब्दासाठी अ दुकानदार क्लिकमागे १० रुपये देतो. पण त्याची जाहिरात पाहणाऱ्या १०० जणांपैकी २ जणच ती उघडतात. ब दुकानदार ६ रुपये देतो आणि त्याची जाहिरात ५ जण उघडतात. शंभर वाचकांमागे अ कडून मिळणार २० रुपये, ब कडून ३० रुपये. म्हणून वरची जागा ब ला.

दुसरी सुधारणा किमतीची. ब ने स्वतःची बोली ६ रुपये भरायची नाही. अ च्या वर राहण्यापुरते जेवढे लागेल तेवढेच भरायचे. शंभर वाचकांमागे अ चे २० रुपये आहेत. ते ५ क्लिकमध्ये वाटले की ४ रुपये येतात. ब ने क्लिकमागे ४ रुपयांहून किंचित जास्त भरायचे.

दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याचे शास्त्र अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली मांडले होते. त्यासाठी आणि संबंधित कामासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घोषणेनंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यांचा युक्तिवाद असा : वस्तू एकच असेल आणि तिची तुमच्या लेखी खरी किंमत १० रुपये असेल, तर १० चीच बोली लावणे तुमच्या हिताचे. कमी लावलीत तर वस्तू हातची जाण्याचा धोका, पण किंमत दुसऱ्याच्या बोलीवर ठरत असल्याने बचत काहीच नाही. जास्त लावलीत तर तोट्यात वस्तू गळ्यात पडण्याचा धोका. जाहिरातीच्या जागा एकीखाली एक अशा अनेक असतात, तेव्हा हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही. एडेलमन, ओस्ट्रोव्हस्की आणि श्वार्झ यांनी २००७ साली ते सिद्ध केले. तरीही लावलेली बोली सारखी वरखाली करण्याची जाहिरातदारांची धडपड या पद्धतीने बरीच कमी झाली.

आमच्या मते या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या लिलावात कुकीची गरज नव्हती. 'सायकल' हा शब्द टाइप करणाऱ्याला सायकलीची जाहिरात दाखवायला तो काल कुठे होता हे कळण्याचे कारण नाही. त्याने आत्ता काय विचारले, एवढे पुरते. गूगल श्रीमंत झाले ते प्रथम या मार्गाने. माग काढल्याशिवाय जाहिरातीचा धंदा चालूच शकत नाही, असे कोणी म्हणाले तर हा दाखला समोर ठेवता येतो.

लिलाव, पट्टी आणि ब्राउझर एका छताखाली

२००३ साली गूगलने 'ॲडसेन्स' सुरू केले आणि इतरांच्या पानांवरही जाहिराती पुरवायला सुरुवात केली. तेव्हाही पानावरचा मजकूर पाहूनच जाहिरात निवडली जाई. मग एप्रिल २००७ मध्ये गूगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. मार्च २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. मार्च २००९ मध्ये वाचकाने पूर्वी पाहिलेल्या पानांवरून त्याची आवड ओळखून जाहिरात दाखवण्याची सोय गूगलने आणली. शब्दाकडून माणसाकडे असा हा प्रवास होता.

या दोन घटनांच्या मध्ये, २ सप्टेंबर २००८ रोजी, क्रोम ब्राउझर आला. तो कसा बांधला आहे हे सांगण्यासाठी कंपनीने चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांच्याकडून चक्क ३८ पानी चित्रकथा काढून घेतली होती. प्रकल्पाची धुरा सुंदर पिचाई यांच्याकडे होती. क्रोमचे तांत्रिक गुण निर्विवाद होते. प्रत्येक टॅब संगणकात स्वतंत्र काम म्हणून चाले, त्यामुळे एक पान अडकले तर सगळा ब्राउझर कोलमडत नसे. डेन्मार्कमध्ये लार्स बाक आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या 'व्ही-८' या यंत्रणेमुळे पानांतील आज्ञावली झपाट्याने चालत. बहुतेक मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास खुली ठेवली होती. काही वर्षांतच क्रोम जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर झाला आणि तो गुणांच्या बळावर झाला, हे मान्य करायला हवे.

पण आता चित्र असे झाले. जाहिरातीचा लिलाव पुकारणारा, पट्टी पुरवणारा आणि वाचकाचा मुखत्यार हे तिघेही एकाच पेढीचे नोकर. २०२४ सालच्या हिशोबात गूगलच्या मूळ कंपनीचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे २६५ अब्ज, म्हणजे रुपयातले बारा आणे, जाहिरातींतून आले. मुखत्याराचा पगार कोठून येतो, हे यावरून कळते.

खटका फिरवण्याची धडपड

इतर ब्राउझर दुसऱ्या वाटेने गेले. ॲपलचा सफारी २००३ पासूनच अनोळखी त्रयस्थाच्या कुकी आपण होऊन नाकारत असे. गूगलने या नियमाला बगल देणारी क्लृप्ती वापरल्याचे स्टॅनफर्डचे संशोधक जोनाथन मेयर यांनी दाखवून दिले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यासाठी गूगलकडून २ कोटी २५ लाख डॉलर वसूल केले. सप्टेंबर २०१९ मध्ये फायरफॉक्सने माग काढणाऱ्या त्रयस्थांच्या कुकी सर्वांसाठी रोखल्या. मार्च २०२० मध्ये सफारीने त्रयस्थाची प्रत्येक कुकी बंद केली. १९९७ च्या प्रमाणकातला नियम तेवीस वर्षांनी पुन्हा जागेवर आला.

गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की दोन वर्षांत क्रोममधून त्रयस्थाच्या कुकी जातील. त्यांच्या जागी नवी साधने येतील. त्यांपैकी पहिल्या साधनाची चाचणी मार्च २०२१ मध्ये ज्या दहा देशांत सुरू झाली, त्यांत भारत होता. ब्राउझरने तुम्ही पाहिलेल्या पानांवरून तुमच्याच संगणकात गणित करायचे, तुम्हाला समान आवडीच्या हजारो लोकांच्या एका गटात घालायचे आणि संकेतस्थळाला फक्त गटाचा क्रमांक सांगायचा, अशी ती कल्पना. वही कंत्राटदाराऐवजी मुखत्याराने लिहायची आणि सारांश तेवढा बाहेर सांगायचा, असे म्हणा. गोपनीयतेच्या पुरस्कर्त्यांनी हरकत घेतली, कारण गटाचा क्रमांकही माणूस ओळखायला मदत करतो. जानेवारी २०२२ मध्ये ही कल्पना सोडून 'टॉपिक्स' नावाची दुसरी आणली गेली.

दुसरी हरकत नेमकी उलट्या बाजूने आली. गूगलचे प्रतिस्पर्धी जाहिरातपुरवठादार म्हणाले, 'क्रोमने त्रयस्थाच्या कुकी बंद केल्या तर आम्ही आंधळे होऊ. पण शोधयंत्र, ईमेल, यूट्यूब यांतून गूगलला वाचकाची माहिती थेट मिळतच राहील.' ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने त्यात लक्ष घातले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत गूगलकडून बांधील आश्वासने घेतली. मुदत तीनदा पुढे ढकलली गेली. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का वापरणाऱ्यांसाठी कुकी बंद करून पाहिल्या. जुलै २०२४ मध्ये सर्वांसाठी बंद करण्याचा बेत सोडला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, आपण सुरुवातीला पाहिले त्याप्रमाणे, बहुतेक नवी साधनेही मागे घेतली.

यात अभियंत्यांची हुशारी कमी पडली असे आम्हाला वाटत नाही. अडचण जागेची होती. तिन्ही नोकर एकाच पेढीचे असले की चांगली सुधारणासुद्धा संशयास्पद ठरते. खटका तसाच ठेवला तर वाचकाचा तोटा, आणि फिरवला तर पेढीच्या प्रतिस्पर्ध्यांचा. अमेरिकेतील न्यायालयांसमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी जाहिरात-तंत्रज्ञानाच्या दोन बाजारपेठांत गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निकाल दिला. शोधयंत्राच्या दुसऱ्या खटल्यात सरकारने गूगलला क्रोम विकायला लावण्याची मागणी केली होती. न्यायाधीश अमित मेहता यांनी ती २ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. क्रोमच्या जन्माला त्या दिवशी बरोबर सतरा वर्षे झाली होती.

शाळेच्या दृष्टीने

नेटस्केपचे समभाग ९ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आले, आणि सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. म्हणजे आपल्याकडे वेब आला तोच मुळी कुकीसह आला. बिल्ला नसलेला वेब येथल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. म्हणून आहे तेच नैसर्गिक, असे आपल्या विद्यार्थ्यांना वाटणे साहजिक आहे.

मुलांच्या बाबतीत आपल्या कायद्याने एक पाऊल टाकले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करणे यांना मनाई आहे. शाळांच्या शैक्षणिक कामापुरत्या काही सवलती नियमांत आहेत. हे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि ही तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहे.

कायद्याची वाट न पाहता वर्गात दोन गोष्टी करता येतील. पहिली, शाळेच्या संगणकावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन साठलेल्या सर्व कुकी पुसाव्यात. नंतर वृत्तपत्राचे एकच पान उघडावे आणि आता कोणाकोणाच्या कुकी येऊन बसल्या त्यांची यादी विद्यार्थ्यांना करायला सांगावी. त्यांत वृत्तपत्राचे नाव किती वेळा आणि परक्यांची किती, हे मोजावे. मग त्रयस्थाच्या कुकी बंद करून तोच प्रयोग पुन्हा करावा. पान वाचताना काही अडले का, हेही नोंदवावे. दुसरी, चिठ्ठ्यांवर बोली लिहून घेऊन विकरी यांचा लिलाव वर्गात पुकारावा. एका खेपेला जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरायची आणि दुसऱ्या खेपेला दुसऱ्या क्रमांकाची. दोन्ही खेपांत मुलांनी बोली कशी बदलली, ते फळ्यावर मांडावे.

या प्रयोगांनंतर विद्यार्थी बहुधा विचारतील, 'मग ब्राउझर फुकट का देतात?' त्या प्रश्नाला चांगला किंवा वाईट असा शिक्का मारून उत्तर देऊ नये. जाहिरातींच्या पैशामुळेच लहान गावातल्या मुलाला महानगरातल्या मुलाएवढेच शोधयंत्र मिळाले, हे सांगावे. १९९७ साली खटका दुसऱ्या बाजूला बसवता आला असता, हेही सांगावे. आणि पुढचे ब्राउझर व त्यांचे नियम आज वर्गात बसलेल्यांपैकीच कोणी लिहिणार आहे, याचीही आठवण द्यावी.